शिष्यवृत्तीची अट : पश्चिम भारतातील परदेशी उच्चशिक्षणाच्या अर्थसाहाय्याचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

परदेशात जाऊन उच्चशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या अर्थसाहाय्याचा विचार बहुधा दात्याच्या औदार्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या कर्तृत्वाच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत निबंधात हे अर्थसाहाय्य ज्या अटींवर दिले गेले, त्या अटींचा विचार केला आहे. इ. स. 1864 पासून अलीकडच्या काळापर्यंत मुंबई इलाखा, बडोदे व कोल्हापूर संस्थाने आणि पुढे महाराष्ट्र यांच्याशी संबंधित उदाहरणांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, विद्यार्थी कोणाचा ऋणी आहे याविषयीची त्या त्या काळाची धारणा शिष्यवृत्तीच्या अटीतून स्पष्ट होते. ही धारणा दात्याच्या मर्जीकडून नागरिकाच्या हक्काकडे सरकत गेली. परंतु अटींचा प्रश्न त्यामुळे संपला नाही, त्याचे स्वरूप तेवढे बदलले.

1. प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे विद्यापीठे स्थापन झाली असली, तरी बॅरिस्टरीची सनद, सनदी सेवेची परीक्षा किंवा वैद्यकातील वरिष्ठ पदवी यांसाठी विलायतेस जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. या प्रवासाचा आणि तेथील वास्तव्याचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे परदेशी शिक्षणाचा इतिहास हा पैसा कोणी दिला, याचा इतिहास होतो. परंतु पैसा देणारा क्वचितच विनाअट देतो. कधी अट करारनाम्यात लिहिलेली असते, कधी ती लोकांच्या अपेक्षेत दडलेली असते, तर कधी पैसा देण्याच्या पद्धतीतच ती अंतर्भूत असते. या तिन्ही प्रकारांची उदाहरणे आपल्या प्रदेशाच्या इतिहासात आढळतात. प्रस्तुत विवेचनात त्यांचा कालक्रमाने परामर्श घेतला आहे.

2. दात्याचे वैभव आणि त्याचा अस्त

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. या सुबत्तेच्या काळात रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी भारतीय तरुणांना विलायतेत कायद्याचे शिक्षण घेता यावे म्हणून शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीने फिरोजशहा मेहता यांची निवड झाली व 1864 च्या अखेरीस ते इंग्लंडला रवाना झाले. बंगालमधून निवडले गेलेले उमेशचंद्र बॅनर्जी हेही याच शिष्यवृत्तीचे लाभार्थी होते. पुढे 1885 मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

1865 मध्ये यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील शेअरबाजाराचा फुगा फुटला. या आपत्तीत दात्याची आर्थिक स्थितीच ढासळल्यामुळे शिष्यवृत्तीचा आधार मध्येच तुटला. फिरोजशहा मेहता यांनी तरीही आपला अभ्यासक्रम पूर्ण केला व 1868 मध्ये ते बॅरिस्टर झाले. या प्रकरणातून व्यक्तिगत दातृत्वाची मूलभूत मर्यादा स्पष्ट होते. येथे विद्यार्थ्यावर जाचक अट नव्हती. परंतु त्याचे शिक्षण दात्याच्या संपत्तीच्या चढउतारांशी बांधलेले होते.

सरकारी प्रयत्नही फार काळ टिकला नाही. 1868 मध्ये व्हाइसरॉय सर जॉन लॉरेन्स यांच्या सरकारने विलायतेतील शिक्षणासाठी नऊ शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. प्रत्येकीची रक्कम तीन वर्षांसाठी दरसाल 200 पौंड होती. परंतु भारतमंत्र्यांच्या कार्यालयाने ही योजना थोड्याच अवधीत स्थगित केली. सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा लंडनमध्येच घ्यायची आणि तेथे पोचण्याचे साधन मात्र काढून घ्यायचे, असा या धोरणाचा व्यावहारिक परिणाम झाला.

3. लोकवर्गणी आणि न लिहिलेली अट

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. आनंदीबाई जोशी यांनी फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान देऊन अमेरिकेस जाण्यामागील आपला हेतू स्पष्ट केला. त्यानंतर त्यांच्या साहाय्यार्थ निधी जमू लागला. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही त्यात 200 रुपये दिले. या व्याख्यानात आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाण्याचे व हिंदू म्हणूनच परत येण्याचे अभिवचन दिले होते. कोणत्याही करारनाम्यात ही अट नव्हती. तथापि समाजाची सहानुभूती या अभिवचनावर अवलंबून होती, हे उघड आहे. मार्च 1886 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीकक्षाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरले होते. परंतु फेब्रुवारी 1887 मध्ये पुणे येथे त्यांचे निधन झाले.

याच सुमारास पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाचा काही भाग उभा केला, तर इंग्लंडमधील वास्तव्याचा आधार वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघाने दिला. सप्टेंबर 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्ममतांविषयी स्वतंत्र विचार करण्याचा आपला अधिकार त्यांनी सोडला नाही, आणि आश्रयदात्यांशी त्यांचा दीर्घ वाद झाला. आनंदीबाईंकडून स्वधर्मात राहण्याची अपेक्षा होती, तर रमाबाईंकडून स्वीकृत धर्मातील अधिकाऱ्यांच्या आज्ञापालनाची. दोन्ही ठिकाणी अर्थसाहाय्याबरोबर स्त्रीच्या श्रद्धेवर देखरेख ठेवण्याचा हक्क गृहीत धरला गेला होता.

रखमाबाईंच्या प्रकरणात वेगळे चित्र दिसते. वैवाहिक हक्कांच्या गाजलेल्या दाव्यानंतर डॉ. एडिथ पीची व अन्य हितचिंतकांनी उभारलेल्या निधीतून त्या 1889 मध्ये लंडनच्या स्त्री वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. 1894 मध्ये वैद्यकीय पात्रता संपादन करून त्या परतल्या व पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी प्रदीर्घ सेवा केली. येथे आधार देणाऱ्यांनी विद्यार्थिनीच्या स्वातंत्र्याची बाजू घेतलेली होती.

4. कर्जरूप शिष्यवृत्ती

1892 मध्ये जमशेटजी टाटा यांनी भारतीयांच्या परदेशी उच्चशिक्षणासाठी निधी स्थापन केला. प्रारंभी पारशी समाजापुरती असलेली ही योजना 1894 पासून सर्वांना खुली झाली. पहिल्या लाभार्थींमध्ये फ्रेनी कामा व कृष्णाबाई केळवकर या दोन महिला डॉक्टर होत्या. कृष्णाबाईंचे पुढील वैद्यकीय कार्य कोल्हापुरात झाले, याची येथे नोंद करावयास हवी.

टाटा निधीचे वैशिष्ट्य असे की, तो दान न देता कर्ज देई. विद्यार्थ्याने कमावता झाल्यावर रक्कम परत करावी आणि त्या पैशातून पुढच्या विद्यार्थ्यास साहाय्य व्हावे, अशी ही रचना होती. परतफेडीमुळे विद्यार्थ्याचा स्वाभिमान राखला जाई. त्याला कोणाच्या श्रद्धेचा वा सेवेचा बंधक व्हावे लागत नसे. तो ऋणी असे तो आपल्यामागून येणाऱ्या अपरिचित विद्यार्थ्याचा. पुढील काळात जीवराज मेहता, राजा रामण्णा, के. आर. नारायणन, जयंत नारळीकर यांसारख्या अनेकांनी या निधीचा लाभ घेतला.

तथापि कर्जाची स्वतःची अशी एक मूक अट असते. ज्याला परतफेड करावयाची आहे, त्याला चांगले वेतन मिळवून देणारा मार्ग निवडणे भाग पडते. 1924 पर्यंत सनदी सेवेत दाखल झालेल्या भारतीयांपैकी पाचांत दोन टाटा निधीचे विद्यार्थी होते, असे टाटा समूहाकडून सांगितले जाते. ही बाब निधीच्या यशाची द्योतक आहेच. परंतु कर्जरूप साहाय्य आणि सरकारी वेतनाची शाश्वती यांचे नातेही तीतून सूचित होते.

ऋण पुढे पोचविण्याच्या या कल्पनेचे एक हृद्य उदाहरण इरावती कर्वे यांच्या शिक्षणात आढळते. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा विरोध असतानाही त्या 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात मानवशास्त्राच्या अध्ययनासाठी बर्लिनला गेल्या. त्यासाठी त्यांना जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. स्वतः टाटा निधीच्या कर्जावर लंडनमध्ये शिकलेल्या व्यक्तीने पुढच्या पिढीतील विद्यार्थिनीस कर्ज द्यावे, ही घटना संस्थात्मक दातृत्वाचा संस्कार व्यक्तीमध्ये कसा रुजतो याची साक्ष देते.

5. सेवा करण्याची अट आणि सेवा न करण्याची अट

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोन परस्परविरोधी अटी एकाच वेळी अस्तित्वात होत्या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होतकरू तरुणांना परदेशी पाठवीत आणि शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करण्याचे बंधन घालीत. संस्थानला प्रशिक्षित अधिकारी हवे होते. त्यामुळे शिष्यवृत्ती ही प्रशासनातील गुंतवणूकच होती.

याउलट श्यामजी कृष्णवर्मा यांनी डिसेंबर 1904 मध्ये जाहीर केलेल्या, प्रत्येकी 2,000 रुपयांच्या शिष्यवृत्त्यांची अट अशी होती की, त्या घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करू नये. 1905 मध्ये लंडनच्या हायगेट भागात स्थापन झालेले इंडिया हाऊस हे या विद्यार्थ्यांचे निवासस्थान झाले. याच योजनेस जोडून सरदारसिंह राणा यांनी दिलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी शिवाजी शिष्यवृत्तीसाठी विनायक दामोदर सावरकर यांची निवड झाली. लोकमान्य टिळक व शिवरामपंत परांजपे यांच्या शिफारशी त्यामागे होत्या. जून 1906 मध्ये सावरकर लंडनला रवाना झाले.

या दोन अटींकडे एकत्र पाहिल्यास त्यांतील साम्यही लक्षात येते. एका दात्याला संस्थानासाठी सेवक हवा होता, दुसऱ्याला साम्राज्याशी असहकार करणारा स्वतंत्र पुरुष हवा होता. पण विद्यार्थ्याच्या शिक्षणोत्तर आयुष्याची दिशा ठरविण्याचा अधिकार दोघांनाही आपला वाटत होता.

स्वेच्छेने स्वीकारलेल्या बंधनाचे उदाहरण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे आहे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेल्या परांजपे यांनी 1899 मध्ये गणितातील सीनियर रँग्लर हा बहुमान मिळविला. उच्च वेतनाच्या संधी समोर असताना त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले आणि 1902 पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले.

6. एक करारनामा : 4 जून 1913

या इतिहासातील सर्वाधिक परिणामकारक करारनामा भीमराव रामजी आंबेडकर यांनी 4 जून 1913 रोजी बडोदे संस्थानाशी केला. दरमहा साडेअकरा पौंडांची ही शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. नेमून दिलेल्या विषयांच्या अध्ययनात वेळ घालविणे आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करणे, ही बंधने त्यांनी स्वीकारली. त्याच वर्षी जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवून त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र अशा अनेक विषयांचे अध्ययन केले. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेविषयी निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरील त्यांचा प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला.

ऑक्टोबर 1916 मध्ये ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये अध्ययन अपुरे सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे : अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात निवासाची जागा मिळेना, ओळख लपवून ज्या पारशी निवासात ते राहिले तेथून त्यांना हुसकावण्यात आले, आणि कचेरीतही अवहेलना वाट्यास आली. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

अर्थसाहाय्याच्या इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व फार मोठे आहे. करारनाम्याने विद्यार्थ्यावर दहा वर्षांच्या सेवेचे बंधन घातले होते. परंतु ती सेवा सन्मानाने करता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याचे बंधन त्यात कोणावरही नव्हते. न्यूयॉर्कमधील निर्वाहाची तरतूद झाली होती, बडोद्यातील एका खोलीची झाली नव्हती. करार मोडला तो विद्यार्थ्याच्या कृतघ्नतेमुळे नव्हे, तर समाजव्यवस्थेमुळे. आंबेडकरांनी कृतज्ञता सोडली नाही. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील, 1925 मध्ये प्रसिद्ध झालेला आपला ग्रंथ त्यांनी शिक्षणातील साहाय्याबद्दल महाराज सयाजीराव यांनाच अर्पण केला.

अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते जुलै 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यापाशी सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून साठविलेली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. पहिल्या प्रवासाचा आधार एका दात्याचा होता. दुसऱ्या प्रवासात स्वकष्टार्जित धन, राजाश्रय व मैत्री यांची जोड झाली. 1923 मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली.

7. कृपेकडून हक्काकडे

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाल्यावर डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर 1942 मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी निवेदन सादर केले. शिक्षणासाठी, आणि त्यातही परदेशी विद्यापीठांतील शिक्षणासाठी, सरकारने वार्षिक तरतूद करावी ही मागणी त्यात होती. ज्यांना स्वतःला एका महाराजांच्या इच्छेमुळे ही संधी मिळाली, त्यांनी ती पुढील पिढ्यांसाठी राज्यसंस्थेच्या कर्तव्यात रूपांतरित करण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट अधोरेखित करण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर 1954-55 मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थी हे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या या योजनेचे लाभार्थी आहेत. 2021-22 पासून तिच्या जागा 125 करण्यात आल्या. महाराष्ट्र शासनाने 2003 मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हे नाव औचित्यपूर्णच आहे. परंतु शाहू महाराजांनी जे साहाय्य केले ते राजाच्या अधिकारात होते. आजचा विद्यार्थी अर्ज करतो तो नागरिकाच्या अधिकारात, याचे भान नामकरणाच्या गौरवात हरपू नये.

हक्काच्या या युगातही अटी आहेत. उत्पन्नाची मर्यादा, वय, गुण, जागतिक क्रमवारीत विद्यापीठाचे स्थान या अटी मर्यादित निधीचे न्याय्य वाटप करण्यासाठी घातल्या जातात, आणि त्यांचे समर्थन वा खंडन त्याच कसोटीवर करता येते. परंतु 2022-23 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट झालेली अट वेगळ्या जातीची आहे. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन या विषयांवरील संशोधनासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे तिने ठरविले. अशा अध्ययनाची साधने व तज्ज्ञ भारतातच उपलब्ध असल्यामुळे परदेशी शिक्षणाचा निधी अन्य विषयांकडे वळवावा, अशी शासनाची भूमिका होती.

ही भूमिका वरकरणी तर्कशुद्ध वाटते. साधने भारतात आहेत, हे खरे आहे. परंतु संशोधनास साधनांबरोबर अंतर लागते, इतर समाजांशी तुलना करण्याची पद्धती लागते आणि आपल्या समाजातील प्रतिष्ठेच्या उतरंडीपासून मुक्त असे श्रोतृवृंद लागतात. 1916 मधील जातिविषयक निबंधाची सामग्री भारतीय होती. तो वाचला गेला ते व्यासपीठ न्यूयॉर्कचे होते. बडोद्याच्या करारनाम्याने दहा वर्षांची नोकरी मागितली, पण भारताविषयी विचार करण्यास मनाई केली नाही. 2022 ची अट त्या काळी असती, तर जातिसंस्थेवरील तो निबंध आणि राष्ट्रीय लाभांशावरील तो प्रबंध शिष्यवृत्तीच्या कक्षेत बसले असते काय, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

8. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, अर्थसाहाय्याचा स्रोत व्यक्तीकडून संस्थेकडे आणि संस्थेकडून राज्यसंस्थेकडे सरकत गेला, तसतसे त्यातील सातत्य वाढले. रुस्तमजींच्या शिष्यवृत्तीचे भवितव्य कापसाच्या भावावर अवलंबून होते. टाटा निधी शतकाहून अधिक काळ टिकला. दुसरा असा की, अटीचा आशय बदलत गेला : प्रथम श्रद्धा, मग सेवा वा असहकार, मग परतफेड, आणि अखेरीस पात्रता व विषय. तिसरा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाचा, निष्कर्ष असा की, अटी नेहमी विद्यार्थ्याच्या कर्तव्याविषयीच लिहिल्या गेल्या. परतणाऱ्या विद्यार्थ्याविषयी दात्याचे, संस्थेचे वा समाजाचे कर्तव्य काय, याचा उल्लेख कोणत्याही करारनाम्याच्या केंद्रस्थानी आला नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीपासून आजच्या शिफारसपत्रापर्यंत शिष्यवृत्तीच्या वाटेवरील पहिला दरवाजा अध्यापकच उघडतो. योजनांची माहिती वेळेवर देणे, कागदपत्रांच्या पूर्ततेत साहाय्य करणे हे त्याचे कर्तव्य आहेच. त्याचबरोबर योजनेच्या अटी स्वतः वाचणे, त्यांतील न्याय्य कोणत्या व अन्याय्य कोणत्या याविषयी अभ्यासपूर्ण मत मांडणे, आणि परतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या विभागात सन्मानाची जागा मिळेल अशी व्यवस्था करणे, हेही त्याच कर्तव्यात मोडते. 1917 मध्ये बडोद्यात ही व्यवस्था झाली नव्हती. ती आपल्या संस्थांमध्ये झाली आहे काय, याचे उत्तर प्रत्येक संस्थेने स्वतःच्या नियुक्त्यांच्या नोंदीत शोधावयाचे आहे.